नळीतले जेवण

धर्मगुरूला घरोघरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत गेल्या काही वर्षांत एका प्रश्नाची भर पडली आहे. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, गिळण्याची शक्ती गमावलेल्या आईच्या वा वडिलांच्या नाकातून पोटात नळी घालावी की नाही, घातली तर ती कधी काढता येते, आणि काढणे हे पाप ठरते काय, असा तो प्रश्न. बारामती-इंदापूर भागातल्या एखाद्या वाडीवर आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद द्यायला गेल्यावर घरातला कर्ता पुरुष ओसरीवर बाजूला घेऊन हे विचारतो. दुसरा प्रश्न मात्र धर्मगुरूला कोणी विचारीत नाही. तो घरातली सून सिस्टरांना स्वयंपाकघराच्या दाराशी हळूच विचारते. चार दिवस झाले, म्हाताऱ्यांचे पोट साफ झालेले नाही. किंवा कालपासून सहा वेळा चादर बदलली, आता काय करू?

पहिला प्रश्न धर्माचा आणि दुसरा घाणीचा, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली आहे. ही वाटणी मला मान्य नाही. पहिल्या प्रश्नाला ख्रिस्तसभेने दिलेले उत्तर जो स्वीकारतो, त्याने दुसरा प्रश्नही त्याच वेळी अंगावर घेतलेला असतो, असे माझे म्हणणे आहे.

ख्रिस्तसभेचे उत्तर आधी पाहू. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका येथे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचे डोमिनिकन धर्मपंडित शिकवीत असत. १५३७ साली मिताहारावर दिलेल्या व्याख्यानात त्यांनी नेमका हाच विषय घेतला होता. आजाऱ्याने जगण्यासाठी अन्न घेणे हे कर्तव्य खरे. पण ज्याची अन्नावरची वासनाच इतकी मेली आहे की घास घेणे ही यातना व्हावी, त्याने खाल्ले नाही तर त्याला दोष लागत नाही, असे ते म्हणाले. आयुष्य वाढते म्हणून कोंबडीसारखे महागडे पदार्थ खाल्लेच पाहिजेत, असेही बंधन त्यांनी मानले नाही. ज्याला आपण आज साधारण आणि असाधारण उपायांतला भेद म्हणतो त्याच्या मुळाशी डॉक्टरी यंत्रे नव्हती. तेथे जेवणाचे ताट होते. हे आपण विसरलो आहोत. पुढे २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना साधारण उपायांपुरतेच बंधन असते हे तत्त्व पुन्हा मांडले, आणि त्यानंतरच्या सगळ्या चर्चा त्या भाषणाचा आधार घेत आल्या.

नळीचा प्रश्न मात्र अनिर्णित राहिला होता. नळीतून दिले जाते ते औषध की अन्न? औषध म्हटले तर निष्फळ ठरल्यावर ते बंद करता येते. अन्न म्हटले तर बंद करणे म्हणजे उपाशी मारणे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २० मार्च २००४ रोजी रोममध्ये जमलेल्या वैद्यांपुढे याचा निवाडा केला. दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत असलेल्या रुग्णाला कृत्रिम मार्गाने दिलेले अन्नपाणी हेही जीव राखण्याचे नैसर्गिक साधनच होय. ते वैद्यकीय कृत्य नव्हे. म्हणून तत्त्वतः ते साधारण आणि बंधनकारक आहे. अमेरिकेतील महागुरूंच्या शंकांना उत्तर देताना रोमच्या धर्मसिद्धान्त विभागाने १ ऑगस्ट २००७ रोजी हेच पुन्हा सांगितले आणि सोबतच्या टिपणात अपवादही नोंदवले: जेथे घोर दारिद्र्यामुळे किंवा दुर्गमतेमुळे अशी सोयच होऊ शकत नाही तेथे, जेथे शरीर ते अन्न आणि पाणी ग्रहणच करू शकत नाही तेथे, आणि क्वचित जेथे नळीपासून होणारा त्रास फार मोठा आहे तेथे. ज्या पोप महाशयांनी हे सांगितले त्यांच्याही नाकात पुढच्याच वर्षी, मार्च २००५ च्या अखेरीस, तशीच नळी घालावी लागली. २ एप्रिलला ते प्रभूकडे गेले.

वाचकांपैकी पुष्कळजण येथवर येऊन थांबतात. नळी बंधनकारक आहे, घातली, कर्तव्य झाले. पण 'अन्न' या शब्दाने काय काय पदरात येते, याचा विचार करावयास हवा. औषधाची मात्रा दिली की देणाऱ्याचे काम संपते. जेवणाचे तसे नाही. आपल्या घरात जेवण म्हणजे पिठाची चाळण, मीठ, पाणी, वेळ, बसण्याची रीत, कोण वाढते ते, आणि जेवल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पोट हलके होणे, हे सगळे. प्रभू येशूने या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख करताना संकोच केला नाही. माणसाला काय विटाळते याविषयी संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तो बोलतो, तेव्हा अन्न पोटात जाऊन पुढे शौचकूपात जाते, हे तो साध्या शब्दांत सांगून टाकतो. आपले प्रवचनकार (मी त्यांतलाच) हे वाक्य घाईने ओलांडतात.

नळीतून काय जाते ते आता पाहू. जॉन राइल या इंग्रज वैद्याचे नाव त्या नळीला आहे. १९२१ च्या सुमारास त्याने ती योजली ती जठरातला रस तपासणीसाठी बाहेर काढता यावा म्हणून. आज आपण तिचा उपयोग उलट दिशेने करतो. अधिक काळ लागणार असेल तर पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी बसवण्याची पद्धत १९८० पासून रूढ झाली आहे. पण आपल्या भागात पुण्याच्या किंवा बारामतीच्या इस्पितळातून घरी पाठवलेला रुग्ण बहुधा नाकातली नळी आणि एक मोठी पिचकारी घेऊनच येतो. मग घरची बाई त्यातून दूध, साखर, वरणाचे पाणी, तांदळाची पेज, नाचणीचे सत्त्व देऊ लागते. नळी तुंबू नये म्हणून ती हे सगळे फडक्यातून दोनदा गाळते. फडक्यात जे उरते ते गाईपुढे जाते.

फडक्यात उरते तो चोथा. या शब्दाची ओळख आपल्या भागात कोणाला करून द्यायला नको. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथले साखर कारखाने आठवावेत. उसाच्या वजनाचा सुमारे तीस टक्के भाग चोथा म्हणून बाहेर पडतो, आणि तोच चोथा बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर यंत्रे फिरतात, वीज होते, रस आटतो. रस गोड म्हणून सगळे रसाकडे पाहतात. कारखाना चालतो तो चोथ्यावर. माणसाच्या आतड्यातही काहीसे असेच घडते. धान्यातला, डाळीच्या सालातला, भाजीतला तंतुमय भाग आपल्या पाचक रसांनी पचत नाही. तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो. तेथे वसती करून असलेले असंख्य सूक्ष्म जीव त्यातला विद्राव्य भाग आंबवतात आणि त्यातून काही लहान आम्ले तयार होतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य खाद्य आहे. म्हणजे आपण टाकाऊ म्हणून गाळलेल्या भागावर आतडे स्वतः जेवत असते. न आंबणारा भाग पाणी धरून ठेवतो, मळाला आकार आणि वजन देतो, आणि आतड्याला हालचाल करायला लावतो.

डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात दीर्घकाळ काम करून परतले. मूळ धान्य खाणाऱ्या आफ्रिकी खेडुतांचे पोट आणि पांढरा पाव खाणाऱ्या इंग्रजांचे पोट यांतील फरक त्यांनी १९७० च्या दशकात जगापुढे ठेवला. हा गृहस्थ मोठा श्रद्धावान प्रॉटेस्टंट होता आणि भर सभेत मळाच्या वजनाविषयी बोलायला लाजत नसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढ माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय भाग मिळावा असे म्हटले आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत तो सुमारे दहा ग्रॅम असतो. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. जन्मभर शाळूची भाकरी, हुलग्याचे माडगे आणि मटकीची उसळ खाऊन वाढलेला इंदापूरचा शेतकरी एके दिवशी अंथरुणाला खिळतो आणि त्याच दिवसापासून त्याच्या आतड्याला दूध, साखर आणि पेज यांवर राहायला सांगितले जाते. मग चौथ्या दिवशी पोट फुगते, शौच अडते. नाहीतर उलट जुलाब लागतात, पाठीची कातडी ओली राहते, आणि ओल्या कातडीला शय्याव्रण व्हायला वेळ लागत नाही.

यावर उपाय आहेत, पण ते डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून करावयाचे आहेत. इसबगोल आपल्या घराघरांत असतो. तो नळीतून देऊ नये, पाण्यात तो फुगतो आणि नळी बंद करतो. गवारीच्या बियांपासून निघणाऱ्या डिंकावर प्रक्रिया करून केलेली एक भुकटी मिळते. ती पाण्यात विरघळते, घट्ट होत नाही, आणि नळीतून सहज जाते. तंतुयुक्त तयार आहाराचे डबेही मिळतात, ते महाग असतात. अशा तंतूंमुळे काही रुग्णांचे जुलाब कमी होतात असे अभ्यासांतून दिसले आहे. सगळ्यांचे होत नाहीत. तंतू वाढवले आणि पाणी वाढवले नाही तर बद्धकोष्ठ उलट घट्ट होते. ज्याचा रक्तदाब सावरलेला नाही किंवा ज्याचे आतडे चालत नाही अशा गंभीर रुग्णाला तंतू अपायकारक ठरू शकतात. पुष्कळदा जुलाबांचे कारण अन्नात नसतेच. ते प्रतिजैविकांत असते, किंवा गोड पातळ औषधांतल्या सॉर्बिटॉलमध्ये, किंवा सकाळी मिक्सरमधून काढून दुपारपर्यंत तसेच ठेवलेल्या पेजेत. डोके आणि छाती उंच करून, तीस ते पंचेचाळीस अंशांवर ठेवून अन्न द्यावे आणि नंतरही काही वेळ तसेच बसवावे, म्हणजे ते उलटून फुप्फुसात जात नाही.

धर्मगुरूने हा स्वयंपाकघरातला तपशील का सांगावा, असे कोणी म्हणेल. मला तो नीतिशास्त्राचाच भाग वाटतो. 'हे अन्न आहे' असे व्यासपीठावरून सांगायचे आणि घरी मात्र रोग्याला नुसते इंधन ओतायचे, पोटाची वास्तपुस्त करायची नाही, ही विसंगती आहे. अशा घरात नळी अन्नाची राहत नाही. ती आपल्या सदसद्विवेकबुद्धीला दिलेली गुंगी ठरते.

याउलट काय असू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रात घडले आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्यातील नेमका भाग फारसा कोणी सांगत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका कामगाराने अत्याचार केला, साखळीने गळा आवळला, आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटून त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना सांभाळले. त्यांचे अन्न थांबवावे अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. तिच्यावर ७ मार्च २०११ रोजी निकाल झाला. न्यायालयाने काही अटींवर उपचार थांबवण्याचा मार्ग देशात प्रथमच मोकळा केला, पण अरुणांच्या बाबतीत मागणी नाकारली, कारण ज्यांनी त्यांना सांभाळले त्या रुग्णालयाच्या लोकांना त्या हव्या होत्या. (पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने हा विषय अधिक विस्ताराने हाताळला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्यातील कार्यपद्धती सोपी केली.)

त्या निकालपत्रात उद्धृत केलेले डॉक्टरांचे आणि रुग्णालयाचे निवेदन मुळातून वाचण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१० मध्ये बहुधा हिवतापाने आजारी पडेपर्यंत अरुणा तोंडाने खात होत्या. म्हणजे जवळजवळ सदतीस वर्षे त्यांना कोणी ना कोणी हाताने भरवत होते. माशाचे आणि कोंबडीचे सूप त्यांना आवडे. तापानंतर खाणे घटले तेव्हा नाकातून नळी घातली गेली, आणि तरीही अधूनमधून थोडे पातळ अन्न तोंडाने दिले जाई. शौचाची वेळ झाली की त्या विशिष्ट आवाज करीत. परिचारिका तो ओळखत आणि त्यांना शौचास नेत. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही.

यातले शेवटचे दोन तपशील मला दयामरणावरच्या अनेक व्याख्यानांहून मोलाचे वाटतात. एखाद्या बाईच्या घशातून निघणाऱ्या अर्थहीन वाटणाऱ्या आवाजातून तिची पोटाची गरज ओळखायला किती दिवस तिच्या उशाशी काढावे लागतात! त्या परिचारिकांनी अरुणांना 'खाऊ घातले' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात हे सगळे येते.

आता एक अप्रिय गोष्ट. नळी घालायची की नाही याचा निर्णय आपल्या घरांत पुरुष घेतात. मुलगे जमतात, डॉक्टरांशी बोलतात, धर्मगुरूला विचारतात, आणि 'आईला उपाशी ठेवायचे नाही' असे ठरवून आपापल्या कामाला जातात. दर तीन तासांनी पिचकारी धरायची, नळी धुवायची, अंग पुसायचे, चादरी खंगाळायच्या, हे सुनेच्या वाट्याला येते. तिला कोणी विचारलेले नसते. ज्या कर्तव्याचा निर्णय एकाने घ्यायचा आणि भार दुसऱ्याने वाहायचा, त्याला ख्रिस्ती कर्तव्य म्हणायला मी तयार नाही. ज्या मुलाने नळीला होकार दिला त्याने आठवड्यातून दोन दिवस तरी आईची चादर स्वतः बदलावी. तसेच ख्रिस्तसभा जर सांगते की अन्न दिलेच पाहिजे, तर धर्मग्रामानेही विचारले पाहिजे की त्या घरात महिन्याला किती खर्च होतो. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची मंडळी नाताळला धान्य वाटतात. त्यांनी एखाद्या घराला वर्षभर डायपर आणि आहाराचे डबे पुरवले तर ते दान त्याच तोडीचे होईल.

दुसरीही बाजू आहे. कधीकधी नळी रुग्णासाठी नसते, आपल्या सोयीसाठी असते. स्मृतिभ्रंशाने पार खचलेल्या वृद्धाला चमच्याने भरवायला पाऊण तास लागतो. नळीने दहा मिनिटांत आटोपते. मग तो नळी उपसतो म्हणून त्याचे हात पलंगाला बांधायचे. अशा वृद्धांना नळी घालण्यापेक्षा सावकाश हाताने भरवणे किमान तितकेच हितकारक आहे, असे अमेरिकेतील वार्धक्यतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली म्हटले, आणि नळीची शिफारस करीत नाही असेही स्पष्ट केले. जो थोडेसुद्धा गिळू शकतो त्याला भरवण्याचा कंटाळा म्हणून नळी घालणे आणि वर त्याला पोप महाशयांच्या शिकवणीचा आधार देणे, हे मला पटत नाही. त्या शिकवणीचा रोख माणसाला एकटे न सोडण्यावर आहे.

आणि थांबायचे केव्हा? येथेही पोटच बोलते. रोमने घातलेली अट शरीर अन्न ग्रहण करते की नाही ही आहे. कर्करोगाने आतडे बंद झालेला, किंवा मरणाच्या अगदी समीप आलेला रुग्ण, ज्याला दिलेले अन्न तासाभराने तसेच नळीतून परत येते, पोट ताणते, घरघर वाढते. त्याला आणखी ओतणे हे अन्नदान नव्हे. व्हितोरियांनी जवळजवळ पाच शतकांपूर्वी सांगितलेली यातना तीच. तेथे डॉक्टरांशी बोलून थांबण्यात कोणाला मारल्याचा दोष नाही. ओठ ओले करावेत, तोंड स्वच्छ ठेवावे, कूस बदलावी, जवळ बसावे. ज्याचे पोट व्यवस्थित पचवते आहे, चादरी मात्र रोज खराब होतात, तो मात्र मरणोन्मुख नाही. तो केवळ कष्टाचा आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत घरचे लोक दमल्यावर करतात, डॉक्टरही करतात. म्हणून रोजचा हिशेब एका वहीत ठेवावा, असे मी सांगतो: किती दिले, किती परत आले, शौच झाले का, कसे झाले. निर्णयाची वेळ येते तेव्हा भावनेच्या भरातल्या दहा वाक्यांपेक्षा ती वही अधिक खरे सांगते.

याईराच्या मुलीला उठवल्यावर प्रभूने जमलेल्यांना पहिली गोष्ट कोणती सांगितली, तर तिला काहीतरी खायला द्या. चमत्कार त्याने केला; जेवण मात्र घरच्यांवर सोपवले. माझी अशी समजूत आहे की तिच्या आईने त्या दिवशी पीठ गाळत बसण्यात वेळ घालवला नसेल.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. नळीवर असलेल्या, शुद्धीवर असलेल्या आजाऱ्यांना आता ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही असे पुष्कळ घरांत गृहीत धरतात आणि आम्हांला कळवतच नाहीत. धर्मसंहितेच्या ९२५ व्या कलमाप्रमाणे गरज असेल तेव्हा केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देता येतो. ज्याला डॉक्टरांनी एखादा थेंब जिभेवर ठेवायची मुभा दिली आहे त्याला तो घेता येतो, आणि आजाऱ्याला उपवासाचे बंधन नाही. मात्र त्यासाठी एकतर घरीच मिस्सा अर्पण करावी लागते किंवा बंद कुपीत काळजीपूर्वक न्यावे लागते. तेव्हा असा आजारी घरात असेल तर दोन दिवस आधी निरोप द्यावा, आणि जिभेवर थेंब चालतो का हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.